सामान सांभाळणारी

तिकिटाच्या खिडकीतला पोरगा विचारतो, मुलं किती?
नाहीत. एकच मोठं माणूस.
तो माझ्यामागे बघतो,
रिक्षातून आणखी कुणी उतरतंय का.
मग सुटे देतो, आणि माझा हात सवयीनं
शंभराची नोट उजेडाकडे धरतो.
सतरा वर्षं प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासतेय,
आकडा सरकलाय का, शाई फुटलीय का.
"खरी आहे मॅडम," पोरगा दुखावतो.
माहितीय रे. माझ्याच डोळ्यांखालून गेली असेल.

मंगळवार. कामावर सांगितलंय, दाढ दुखतेय.
नाशिकरोडहून दोन बस, मग रिक्षा,
सातपूर मागे पडल्यावर त्र्यंबक रस्त्याला
द्राक्षांच्या फवारणीचा वास, आणि ही रंगीत कमान.

आठवी 'ब'ची सहल इथंच आली होती.
पार्क नवाकोरा, रेलिंगला हात लावला की रंग लागायचा.
आत आल्यावर वीस मिनिटांत मला कळलं,
मग घुगे बाईंना कळलं,
आणि बाईंनी इतक्या हळू आवाजात सांगितलं
की सगळ्या वर्गाला ऐकू गेलं:
तू बस इथं. सामान सांभाळ.

एकतीस पिशव्या. बाईंची पर्स. शाहीनचा चष्मा.
रंजना धात्रकची चांदीची अंगठी,
जी नंतर सापडली नाही,
आणि अजूनही कुणाच्या लग्नाकार्यात भेटलो
की रंजना "कशी आहेस?" म्हणायच्या आधी
जरासं थांबते.
कमरेला स्वेटर, कट्टा तापलेला,
कुणाच्या डब्यात काय ते वासावरून पाठ.
समोर अजगराच्या तोंडातून पोरी पडत होत्या,
एकेक, किंचाळत,
जणू त्यानं गिळून बघितल्या आणि आवडल्या नाहीत.

अजगर तोच आहे. तेव्हा निळा होता, आता हिरवा,
पोटाखाली निळा अजून दिसतो.
भाड्याचा नायलॉनचा पोशाख गुडघ्यापर्यंत येतो,
कुणाच्या तरी मापाचा, माझ्या नाही.
लाकडी जिराफाच्या मानेवर लाल रेघ: एवढी उंची हवी.
मी उगाच ताठ उभी राहते.
शेजारी एक बाई, एक पोर कडेवर, एक बोटाला:
"ताई, तुम्ही आहातच ना इथं, एवढी पिशवी बघता?"
"नाही हो," मी म्हणते. "मी रांगेत आहे."
फार मोठ्यानं म्हटलं बहुतेक.
तिचं बोटाला धरलेलं पोर माझ्या पायांकडे बघत राहतं.

वर, शेवटच्या पायरीवरून, धरणाचं पाणी दिसतं,
बागांच्या ओळी, आणि अंजनेरी,
इतकी जवळ की हाक मारली तर वळून बघेल.
शिट्टीवाला गांगुर्डे, विशीचा नसेल,
सांगतो, "काकू, हात छातीवर. पाय सरळ.
ओरडायचं तर ओरडा, आत सगळे ओरडतात."
मी नाही ओरडले.
अंधार, मग हिरवा अंधार, मग नाकात पाणी.
अकरा सेकंदं.
एवढंच होतं ते.
अठ्ठावीस वर्षं मी याचं केवढं काय करून ठेवलं होतं!

कट्ट्याकडे बघितलं, मुद्दाम.
एक ओला टॉवेल होता, बाकी काही नाही.

दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा.
चौथ्यांदा त्या नळीच्या मधल्या वळणावर
माझ्या तोंडातून आपसूक निघालं,
रंजने, तुझी अंगठी मी नाही घेतली गं!
आणि ते पुढे जाऊन, परत येऊन,
दोनदा माझ्याच कानावर आदळलं.
खाली गांगुर्डेचा जोडीदार उभा होता.
"काही हरवलं का काकू?"
नाही म्हटलं. जुनं आहे.

पोशाखाच्या खिशात शंभराची ती नोट राहून गेलेली.
चिंब. शाई मात्र तसूभर हलली नव्हती.
काम चांगलं करतो आम्ही.

बुधवारी गेटवर झडती घेताना बागुल मॅडम
केसांशी नाक आणतात. कसला वास येतोय गं?
मग आठवून विचारतात, दाढ काढली का?
काढली, मी म्हणते.
जागा हुळहुळतेय अजून.