अर्धं हळकुंड

रात्री साडेदहाला फोन थरथरला:
धरणाचा दरवाजा निसटला, पाहाटेपर्यंत गावभाग पाण्यात.
मग जाऊबाईंचा. मग मिरजेहून भाच्याचा.
मग गल्लीच्या गटावर तेच, खाली जोडलेले हात.
चार ठिकाणांहून आलं म्हणजे खरंच की,
म्हणत मी वळकटी बांधायला घेतली.

वळकटीवर गुडघा रोवला
आणि नेमगोंडा तोलार आठवला.

मार्केट यार्डात बावीस वर्षं
त्यानं पुकारलेली वजनं मी वहीत उतरवली.
पोत्याच्या तोंडाशी कोण वाईट माल ठेवतंय, म्हणायचा,
आणि परखी खुपसायचा पोटात, मग बुडाशी.
हळकुंड कानाजवळ धरून मोडायचा,
मोडलेल्या जागेचा रंग उन्हात बघायचा.
'चार पोती, पण शेत एकच असंल बाई,
तर चारदा बघून नवं काय कळणार?'

मी चारी निरोप परत उघडले.
चारींत 'पाहाटे'. तोच एक काना जास्त.

मग हरिपूरच्या रोशनबीला उठवलं.
तिच्या मागच्या दाराची सहावी पायरी बुडालेली, सातवी कोरडी.
पाटबंधारेवाल्यांनी नवव्या वेळी फोन घेतला:
विसर्ग वाढवलाय ताई, दरवाजा जागेवर आहे.
पोरगा पुलावर जाऊन आला.
पट्टीवर अडतीस म्हणाला, नाहीतर एकोणचाळीस,
गढुळात आकडा हलतो.
तिघांचं पुरतं जुळेना.
शब्दाला शब्द जुळला असता
तर मी पुन्हा काना शोधला असता.

अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायचं नाही, कबूल.
पण अख्खं हाती येईतो बसून राहायचं?
मागच्या पुरात मी तेच केलं.
लोक ओरडत होते, आणि मी भिंतीवरची
आजेसासऱ्यांची खूण दाखवत होते:
पाणी याच्या वर कधी आलेलं नाही.
खूण खोटी नव्हती.
तिला फक्त तिच्या सालापुरतं ठाऊक होतं.
त्या वह्या अजून उघडत नाहीत, पानाला पान चिकटलंय.

म्हणून वळकटी सोडली नाही. दाराशी ठेवली.
बोळाच्या तोंडाशी, पाणी टेकलं होतं तिथं,
दगडी ओट्यावर खडूनं रेघ ओढली,
शेजारी लिहिलं: अकरा वीस.
जाऊबाईंना कळवलं,
दरवाजा निसटलेला नाही. पाणी चढतंय.
किती, ते तासाभरानं सांगते.

आणि बॅटरी घेऊन रेघेपाशी बसले.