शेरा

कसब्यात, कुंभारवाड्याच्या अलीकडे एक बोळ आहे.
सरळ जातो, आणि मध्येच कंबर मोडल्यासारखा
सव्वाचार हात डावीकडे वळून पुन्हा सरळ.
नकाशाच्या वहीत मी वीस वर्षं लिहीत आलो :
‘वाकण. कारण उपलब्ध नाही.’

गेलो होतो तिघं. भानगेबाई जुन्या मराठीसाठी,
विहंग यंत्रासाठी,
आणि नगर भूमापनातला मी, परतीची जागा हुडकायला.
जागा म्हणजे घोंगडीएवढी जमीन.
उघडणार अमावास्येला, अडीच पळं.

वर एकही उपग्रह नव्हता.
खाली ना चौक, ना पूल, ना ‘त्या दुकानासमोरून डावीकडे’.
पर्वतीची टेकडी होती, बिनपायऱ्यांची,
आणि नदी.
नदीवरून मोजू नये, हे पहिल्या वर्षी शिकवतात.

चहा नव्हता. इथं लिहून ठेवतो,
अहवालात त्याला रकाना नाही.
मिरची नव्हती, शेंगदाणा नव्हता.

भानगेबाई, ज्या रेडिओवर शुद्धलेखन शिकवायच्या,
वेशीवर म्हणाल्या, ‘नमस्कार, आम्ही प्रवासी आहोत.’
तो माणूस हसला. शेजाऱ्याला बोलावलं,
खुणेनं म्हणाला, पुन्हा म्हणा.
मग, ‘कवण तुम्ही? कोठौनि आलेति?’
बाईंचे डोळे भरले.
त्यांना सगळ्यांचं कळत होतं,
त्यांचं कुणालाच नाही.

मग टेप. तीस मीटरचा, पिवळा.
बटण दाबलं, सळ्ळकन डबीत परत.
पाटलाची म्हातारी किंचाळली : साप पाळलाय!
तीन रात्री गोठ्यात, एका वासराशेजारी बांधलेले.
विहंगला ताप भरला.

चौथ्या दिवशी पाटलाचा निरोप :
सापवाल्यानं धाइदेव आणि कान्हो यांच्यातला बांध काढून द्यावा,
आजापासूनचं भांडण आहे, मिटलं तर सोडतो.
तोवर मला शंका होती.
पण सख्खे भाऊ, चार हात जमीन, तीन पिढ्या,
म्हटलं, हे पुणंच.

काठ्या रोवल्या, सुंभ ताणला.
माझ्या आयुष्यातली सर्वांत सरळ रेघ.
ती एका दगडावरून जात होती.
वीतभर दगड, शेंदूर नाही, काही नाही.
एल्हाई कुंभारीण दोरीपलीकडे येऊन उभी राहिली,
हात मातीचे, कोपरापर्यंत.
बोलली नाही.
बाई हळूच म्हणाल्या, ‘तिचं लेकरू आहे ते.’
मी सुंभ उचलला,
सव्वाचार हात डावीकडे सरकलो.
भाऊ बघत राहिले. भांडले नाहीत.

विहंगला एल्हाईनं घरी नेलं होतं, आव्याच्या उबेला.
अमावास्येला जागा उघडली. माझी चूक अंगुळभर.
बाई म्हणाल्या, ‘थांब, त्याला घेऊन येते.’
अडीच पळं म्हणजे एक मिनिट.
अंधारातून दिवटी येताना दिसत होती,
एकाला ओढत दुसरं, हळू, फार हळू.
मी आत होतो.
मी बाहेर पाऊल टाकलं नाही.
अहवालात हे आहे,
फक्त तिथं त्याला दीड पान लागलं.

काल बोळात गेलो.
वाकणापाशी, विजेच्या डीपीखाली, दगड आहे.
होताच. मोजणीला मी तोच धरायचो,
वर पांढरा ठिपका मारून.
आता शेंदराचे इतके थर, की दगड कमी, शेंदूर जास्त.
खरवडायची हिंमत झाली नाही. बोटानं चाचपलं.
खाली एक खळगा लागला. गोल, खोल, एकच.
पूर्णविरामासारखा.
त्या काळी पूर्णविराम नव्हता.
पण दगडाला खळगा पडायला
भानगेबाईच लागतात असंही नाही.

मागून हॉर्न. रिक्षावाला आरसा दुमडून घेत म्हणाला,
‘कुठल्या गाढवानं आखलाय हा बोळ!’
मी भिंतीला चिकटून
त्याला जागा दिली.