फणसाचं सागवान

नंदगडहून टेंपोत आडवं पडून आलं कपाट,
दाराला सुतळी बांधलेली,
वाटेत तोंड उघडून काही बोलेल म्हणून.

देसूरकर बाईंनी फोनवर फोटो दाखवला.
असं पांढरं पाहिजे. आणि मग असं जुनं.
कडा झिजलेल्या, कोपऱ्यांना कुणीतरी
शंभर वर्षं हात लावल्यासारखे.
म्हटलं, बाई, हे जुनंच आहे की.
त्या म्हणाल्या, तसलं नको.

टिळकवाडीत सध्या असंच जुनं लागतं,
आधी नवं केलेलं.
माझं पोट त्याच्यावर आहे, मी हसत नाही.

साठ नंबरचा कागद ठोकळ्याला गुंडाळला.
आधी निघाला पोपटी ऑइलपेंट, सालीसारखा, लांब लांब.
त्याखाली गुलाबी. बाळंतिणीच्या खोलीत असणार,
खालच्या फळीवर पावडरच्या डब्याचा गोल अजून होता.
मलप्रभेकडून वारा आला की
सगळी धूळ माझ्याच तोंडावर.
समोरून शट्टुप्पा ओरडला,
काय करालीस गे शेवंता, रंग काढालीस की लावालीस?
दोन्ही, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी
गुलाबीखाली रेघा दिसल्या.

सागवानाच्या रेघा. सरळ, मग डोंगरासारख्या चढत,
आणि हँडलच्या वर एक गाठ,
पोपटाच्या डोळ्याएवढी,
सागवानात जिथं कधीच नसते तिथं.

अप्पा.

मोनाप्पा पेंटर, स्टेशन रोड, खानापूर.
सायकलच्या ट्यूबला दाते कापून फणी करायचे.
जवसाच्या तेलात तपकिरी माती, वर थोडा कोरा चहा,
आणि ओल्या रंगावरून फणी एका श्वासात खाली.
मधेच खोकला आला तर फळी पुसून पहिल्यापासून.
उधारी कन्नडात मागायचे,
परक्या भाषेत लाज कमी वाटते म्हणायचे.
गाठ सगळ्यात शेवटी, अंगठ्यानं.

खरं सागवान डेपोत पडलेलं असायचं, नंबर ठोकलेलं,
आमच्या तालुक्यातलं, आमचं नसलेलं.
पोरींच्या लग्नात जायचा तो फणस,
अप्पांच्या हातून सागवान होऊन.
सासरच्या कुणी नखानं खरवडून बघू नये,
एवढंच देवाला सांगणं.

त्या गाठीवर अंगठा ठेवून बघितला.
माझा लहान पडतो.

बाईंचा फोन आला, झालं का?
होतंय, म्हटलं.

आमच्या कामात एक युक्ती असते.
जिथं रंग झिजल्यासारखा दिसायला हवा
तिथं आधी मेणबत्ती घासायची.
मेणावर रंग बसतो, पण धरत नाही.
कडांना घासली, कोपऱ्यांना, पायांना.
तेवढ्यात लाईट गेली, तीच मेणबत्ती पेटवली,
चहा घेतला, शट्टुप्पालाही दिला.
लाईट आली तेव्हा ती विझवून, निवू देऊन
गाठीवर घासली. जाड. दोनदा.

मग इमल्शनमध्ये प्लास्टरची पूड कालवून
पांढरे तीन हात.
सगळं गेलं आत.
कडा घासल्या, कोपरे घासले,
गाठीजवळ कागद नेला नाही.

टेंपो गेला. पैसे आले, पाचशे कमी.

चैत्रात फोन वाजला.
शेवंता, हँडलच्या वर टवका उडालाय.
मी शब्द जुळवत होते,
येऊन परत हात मारून देते, असलं काहीतरी.
तर त्यांनीच आवाज खाली आणला,
शेजारणीला कळू नये तसा,
अगं, आत सागवान आहे!

हो, म्हटलं.
आहे.