लोकवाटा दहा टक्के

योजना साधी होती. सत्तर टक्के सरकार,
वीस पालिका, दहा रहिवासी.
रोपं चाळीस, डिचोलीच्या त्या जुन्या खाणरस्त्याला,
जिथून ट्रक जायचे तेव्हा
वाळत घातलेले पांढरे कपडे
संध्याकाळी विटकरी होऊन घरात यायचे.

बैठकीला सात जण. मी इतिवृत्त लिहीत होते.
फार्मसीवाले केंकरे म्हणाले, सावली
दहा वाजता माझ्या पायरीवर, चारला समोरच्या बारवर,
मग पैसे सारखे का?
कुणी म्हणालं, तासांवर वाटून घ्या.
कुणी म्हणालं, पानं झाडायची कुणी ते आधी ठरवा.
शेवटच्या बाकावरून कायतान पदेर:
"बाय, धा टक्के म्हळ्यार झाडाचो खंयचो कुडको?"
हे मी इतिवृत्तात घेतलं नाही.
घ्यायला हवं होतं.

सरकारचे सत्तर आले एकोणतीस मार्चला.
एकतीसच्या आत खर्च, नाहीतर परत.
म्हणून चाळीस सातविणी आम्ही अशा उन्हात लावल्या
की खणणाऱ्यांना पहार ओल्या गोणपाटात धरावी लागली.
बिल वेळेत मंजूर झालं.
त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात माझा शेरा: उत्कृष्ट.

पालिकेचे वीस अजून
'तत्त्वतः मान्य' आहेत.

राहिला लोकवाटा. नियम बारा, उपनियम क:
रोख देता न आल्यास वस्तूने वा श्रमाने चालेल,
मूल्यांकन लेखा शाखेने करावे.
लेखा शाखा म्हणजे मी.

दस्तगीरच्या वेल्डिंगच्या दुकानातून जाळ्या आल्या,
बंद खाणीतल्या कन्व्हेयरच्या सांगाड्यातून कापलेल्या.
भंगार, किलोमागे तीस रुपये.
त्याच्या रात्री धरल्या नाहीत, दरपत्रकात नव्हत्या.

आणि कायतान.
पहिले पाव भट्टीबाहेर आले की
बेकरीसमोरच्या सहा रोपांना, रोपामागे एक,
विहिरीच्या सहा बादल्या.
बादलीला भिंतीवर कोळशाची एक रेघ,
चार उभ्या, पाचवी आडवी.
मेअखेर रेघा खिडकीच्या चौकटीवर गेल्या.
सहा जूनला थांबल्या.
मी स्टुलावर चढून मोजल्या: तीनशे चौऱ्याऐंशी.
दिवसांच्या हिशोबाने अठरा कमी.
विचारलं तर ओशाळला,
धाकटीचं लग्न होतं, म्हणाला, तीन दिवस राहून गेलं.

टँकरच्या दराने बादलीला पन्नास पैसे.
एकशे ब्याण्णव रुपये फक्त.

चाळिसांतली जगली नऊ.
त्यांतली सहा बेकरीसमोर.

ऑडिटचा आक्षेप असा:
'पाणी घातल्याचे प्रमाणक जोडलेले नाही. मूळ प्रत सादर करावी.'
मी लिहिलं, मूळ प्रत भिंत आहे.
उत्तर आलं, भिंत नस्तीस जोडता येत नाही.
मी फोटो काढून लावला.
उत्तर आलं: छायाप्रत ग्राह्य धरता येणार नाही.

ते वाचलं तेव्हा मी खरं म्हणजे
त्यांतल्याच एका झाडाखाली उभी होते,
फाईल डोक्यावर धरायची गरज नव्हती.

याला सात वर्षं झाली.
सातविणी कौलांच्या वर गेल्यात.
ऑक्टोबरच्या रात्री वास इतका की
केंकऱ्यांनी डोकेदुखीबद्दल अर्ज दिलाय,
आवक क्रमांक मीच घातला.
फेस्ताच्या आधी कायतान बेकरीला पांढरा रंग काढतो,
तेवढा तुकडा सोडून.
भोवतीचा थर दर वर्षी जाड होतो,
रेघा तेवढ्याच आत जातात.

ब्रश निथळत धरून तो विचारतो,
"बाय, आतां पुसूं?"
मी पिशवीत चार उंडे घेते, सुटे मोजून देते.
नको, म्हणते.
ऑडिट बाकी आहे.