दहा टन

कोल्टर्स रनच्या पुलाअलीकडे शाळेची बस थांबते.
मुलं उतरतात, दप्तरं पाठीला,
एका रांगेत चालत पूल ओलांडतात.
मागून रिकामी बस येते, दबकत,
झोपलेल्या बाळाजवळून जाडजूड आत्याने जावं तशी.
रिकामी बस साडेनऊ टन. पाटीवर दहा.
एकतीस मुलं म्हणजे दीड टन,
हिवाळ्यात कोटांसकट थोडं जास्त.
हा हिशेब इथे पहिलीतल्या पोरालाही येतो.

मी हॅरिसबर्गहून येते, राज्य सरकारच्या गाडीतून.
हातोडी, टॉर्च, कोरे फॉर्म.
तुळईवर हातोडी मारते, कान देते.
चांगलं लोखंड घंटेसारखं बोलतं.
हे नुसतं "हं" म्हणतं,
जावयाने पैशांचा विषय काढल्यावर सासरे म्हणतात तसं.

डोलोरेस हुडॅक, गावची अर्धवेळ सचिव,
उरलेला वेळ दातांच्या दवाखान्यात,
अनुदानाचा अर्ज सातव्यांदा भरते आहे.
रकाना चौदा : रोज किती वाहनं?
साडेतीनशेच्या आत असल्यास
पुढचे रकाने भरू नयेत.

म्हणून रस्त्यावर दोन रबरी नळ्या आडव्या टाकल्या.
चाक गेलं की मोजतात. आठ दिवस.
सरासरी आली तीनशे बासष्ट.
डोलोरेसने मला पाय मिळालं,
सफरचंदाचं, अजून गरम.

रात्री मोटेलवर आकडे उलगडले.
पहाटे दोन ते चार, एकच गाडी.
दोन आसांत तेच अंतर, एकशे अठरा इंच.
गेली, आली, गेली, आली,
चाळीसदा.
दुसऱ्या रात्री चाळीसदा.
रविवारी अडतीस, बहुधा पेट्रोल संपलं.

एमरिक स्टॉफर, वय एक्क्याऐंशी, निळा पिकअप.
सत्तावीस वर्षं ही बस त्यानेच चालवली.
मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाला,
"झोप लागत नाही हो हल्ली."

माझे वडील मिरजेला पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर.
त्यांच्या मोजमाप वहीचे दोन नियम :
मोजलं तेच लिहायचं.
चुकलं तर खोडायचं नाही, एकच रेघ मारायची,
खालचा आकडा वाचता आला पाहिजे.
मी रेघेसाठी पेन उचललं.
पण मोजलं तर होतंच.
पुलाने त्याला नेलं होतं खरोखर, प्रत्येक वेळी.
तीनशे बासष्ट. खाली माझी सही.

सरकारी काम अन् सहा महिने थांब,
इथे अकरा लागले.
उत्तर सभ्य होतं. पुलांच्या खात्यात पैसे नाहीत.
तंत्रज्ञानाच्या खात्यात मात्र उरलेत,
आणि जूनअखेर खर्च झालेच पाहिजेत.
आपला मार्च, यांचा जून.

तर आता पुलाला चोवीस सेन्सर आहेत,
एक सौर पॅनेल, एक अँटेना.
उद्घाटनाला आमदारसाहेब आले, फीत कापली,
गाडी मात्र अलीकडेच ठेवली.
ती जड होती.

तेव्हापासून पूल मला रोज कळवतो
की तो थकला आहे.
दशांशाच्या चार स्थळांपर्यंत कळवतो.

पहाटे दोनला पडद्यावर बारीक थरथर येते, चाळीसदा.
नळ्या कधीच उचलल्या, हे स्टॉफरला
कुणी सांगितलेलं नाही.
डोलोरेस म्हणते, आठवा अर्ज आहेच की.

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मुलं.
एकतीस जोडी पावलं, मुंग्यांच्या ओळीसारखा आलेख,
आणि बरोब्बर मधोमध एक उंच टोक.
कुणीतरी रोज तिथे उडी मारतं.
खाली ओढा, वर आकाश, मध्ये दहा टन,
मीही मारली असती.

टोक आलं की पडदा पिवळा होतो,
चौकट उघडते : कारण नोंदवा.
वडिलांची वही आठवते.
मी लिहिते, वारा.