चिकटलं तर घ्या

मागच्या रविवारी चोरलच्या काठावर
शेळीचं एक करडू नायलॉनच्या जाळ्यात पाय अडकवून ओरडत होतं
आणि आम्ही सातजण, मिळून सव्वाचारशे वर्षांचे,
खिसे चाचपत उभे.
किल्ल्या निघाल्या, नेलकटर निघालं,
हेरंबचा घडीचा चाकू निघाला.
त्याच्या सांध्यात वाळू गेलेली,
तो अर्धा उघडला आणि तसाच राहिला,
जांभई देता देता झोप लागलेल्या माणसासारखा.
शेवटी इंदुमतीने दातांनी तोडलं जाळं.
तिची कवळी नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

म्हणून आज सियागंज.
ताहेरअलींच्या दुकानात बिजागऱ्या, कड्या, साखळ्या,
आणि अगदी मागे, काचेच्या कपाटात, चाकू.
"सब्जी के लिए?"
"नाही, जंगलासाठी," मी म्हटलं, तेही मराठीत;
घाबरले की माझं हिंदी आधी पळून जातं.
त्यांनी माझ्या चष्म्याकडे पाहिलं,
पिशवीतून डोकावणाऱ्या मेथीकडे पाहिलं,
आणि कपाट उघडलं.

एक होता शिसवी मुठीचा, वीतभर पात्याचा.
हातात घेतला तशी माझी पाठच ताठ झाली.
पण एवढं पातं मी कुणाच्या पोटात खुपसणार?
मला कापायचीय दोरी, पेरू,
चपलेतून आरपार आलेला बाभळीचा काटा उकरायचाय.
चार बोटं पातं. पुरे.
आणि न मिटणारं.
खटका नको, स्प्रिंग नको,
वाळूला शिरायला जागाच नको.

"लोहे का ले लो, धार लाजवाब."
खरं आहे. आमच्या विळीचं पातं लोखंडी होतं,
कैरी चिरली की काळं पडायचं,
आई रोज राखेने घासायची.
मी आई नाही.
मी ओला चाकू पिशवीत विसरणारी बाई.
तीस वर्षं वीज मंडळात लोकांच्या मीटरच्या नोंदी ठेवल्या,
आता तेल लावल्याची नोंद कोण ठेवणार?
मला गंजायला वेळ लावणारं हवं.

तेव्हा त्यांनी गल्ल्यातून चुंबक काढलं,
लाल, नालेच्या आकाराचं, शाळेत असायचं तसं.
"स्टेनलेस स्टेनलेस में फर्क है, मैडम.
जो चिपके, वो धार पकड़ेगा.
जो न चिपके, उसकी थाली बनाओ."
पहिल्यावरून चुंबक घसरलं.
दुसऱ्यावरूनही.
तिसऱ्याला टक्कन चिकटलं.

तिसरा कुरूप.
मूठ सफाई कामगारांच्या जाकिटासारखी नारिंगी
(पण गवतात पडला तर दिसेल),
टोक काहीसं खाली झुकलेलं, लाजल्यासारखं.
कडेने पाहिलं तर पोलाद मुठीतून पार शेवटापर्यंत गेलेलं,
नारिंगीच्या मधोमध एक करडी रेघ.
म्यानात घालून त्यांच्या नातवाने तो उलटा धरला
आणि जोरजोरात हलवला, पैशाचा डबा हलवतात तसा.
पडला नाही.

"आणि धार गेली की?"
"कप है ना घर में? उसका पेंदा."
कपाच्या बुडाची ती खरखरीत कड,
जिथे झिलई पोचत नाही.
इतकी वर्षं चहा प्यायले,
बुडाकडे कधी पाहिलं नव्हतं.

पैसे देऊन मी हात पुढे केला.
त्यांनी चाकू हातात दिला नाही,
काउंटरवर ठेवला, मूठ माझ्याकडे करून.
"हाथ में देने से झगड़ा होता है."
आमच्यातही असंच म्हणतात, मी म्हटलं,
आणि उचलला.

रविवारला अजून चार दिवस होते.
संध्याकाळी सिंकपाशी एक कप उपडा घातला,
बोटाने त्याची कड चाचपली,
मग म्यानातून चाकू काढला
आणि मेथीच्या जुडीचा दोरा कापला.

ताहेरअलींना सांगू नका.