ब्रेक लांब आहे

मंगळवारी, गुरुवारी रोडची.
रविवारी ती दुसरी, ट्रायथलॉनची,
जिच्यावर कोपरं टेकून आडवं व्हायचं
आणि झोपायचं मात्र नाही.

दोन्ही भिंतीवर, कांजूरच्या वन आरकेत,
एकीखाली एक.
खालचीच्या सीटला आईचा ओला गाऊन घासतो.
एका माणसाला दोन कशाला गं?
म्हटलं, तुझ्या नाहीत का दोन विळ्या,
एक नारळाची, एक मासळीची.
तिला पटलं.
मला अजून तितकंसं नाही.

दुसरी घेतली ऑर्लेमच्या ऑल्विन कुटिन्होंकडून.
छातीत दोन स्टेंट पडल्यापासून
ती जिन्याखाली होती,
फुलाफुलांची चादर पांघरून.
भाव केला नाही त्यांनी.
हवा भरली, चेनला तेल दिलं, म्हणाले,
हिच्यावर रस्ता मस्त दिसतो.
माणसं नाही दिसत. बघ तू.
कोपराच्या फोममध्ये त्यांचे खळगे होते,
डावा जास्त खोल.

रोडच्या सायकलवर मी बोलते.
आरेच्या चढावर गव्हाणेकाकांना चिडवते,
तबेल्यापाशी शेण चुकवते,
वळणावर कुत्र्याला नावाने हाक मारते.
ब्रेक सतत दोन बोटांखाली,
गर्दीत पोराचं मनगट धरावं तसा.

दुसरीवर मी टाचणी.
पावणेपाच, ठाण्याकडचा हायवे,
भांडुपच्या मिठागरांचा ओलसर खारा वास,
तेहतीस, चौतीस,
आणि स्वतःचा श्वास,
कुकर शिटीच्या आधी करतो तसा.
गिअर बोटांच्या टोकाशी.
ब्रेक मागे, बाजूला, दुसऱ्याच दांड्यावर.
वेग हाताशी आणि थांबणं लांब.
ही सायकल बनवताना
त्यांनी फक्त वाऱ्याला विचारलं असणार.

तर त्या रविवारी, ऐरोली फाट्याच्या अलीकडे
दुधाचा टेम्पो, दिवे बंद.
त्याचं दार उघडलं.
मी ब्रेक दाबला.
गुरुवारचा ब्रेक,
गुरुवारी जिथे असतो तिथे.
बोटं मिटली.
मुठीत काही नव्हतं.

ती रिकामी मूठ घेऊन मी किती गेले
सांगता येणार नाही,
एक पिशवी हातातून निसटून
खाली फुटेपर्यंत, एवढंच.
मग कोपर सुटलं, हात सापडला,
मग ब्रेक,
मग दाराच्या कडेपासून चार बोटं जागा.

आतून पोरगा उतरला, अठराचा असेल,
क्रेट कमरेवर.
ताई, ब्रेक नाय काय सायकलला?
आहे रे. लांब आहे.
मग जवळ घ्या ना, म्हणाला,
आणि सोसायटीत शिरला.

मी घरापर्यंत ताठ बसून आले,
बाहेरच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून.
कार्बनची सायकल
आणि वर बसलेली मी,
कॅन अडकवले असते तर दूधच घालत आले असते.

सोमवारी लॅबमध्ये
एका आजोबांची शीर शोधताना
बोट जरा थांबलं.
दोन्ही हात टेबलावर ठेवले,
डावा कुठे आहे, उजवा कुठे आहे,
आणि मग सुई घेतली.
आजोबा म्हणाले, नवीन आहात का?

ऑल्विन अंकल दर रविवारी
साडेसातला फोन करतात.
पोचलीस?
पोचले.
पुढे ते हवामान विचारतात, ऑर्लेमला वेगळं असल्यासारखं.
टेम्पोचं मी सांगितलेलं नाही.

परवा कोचने व्हिडिओ मध्येच थांबवला:
तू डावीकडे का झुकतेस?
नवे फोम मागवलेत, म्हटलं.
ते खरं आहे.
मे महिन्यात आलेत.
पाकीट विळ्यांच्या फळीवर आहे, न फोडलेलं.